निवडलेल्या अक्षरांचा रंग

एखाद्या चांगल्या कामाचा कोणीं विचका केला म्हणजे त्यानें त्यावर हरताळ फासला, असें आपण म्हणतों. हा वाक्प्रचार मुळांत लेखनाच्या धंद्यांतला आहे, हें मात्र आतां फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. हातानें पोथ्या लिहिण्याच्या काळीं नकलणाराच्या हातून चूक झाली, तर हरताळ नांवाच्या पिवळ्या खनिजाची पूड कालवून ती त्या अक्षरांवर फाशीत, आणि लेप वाळला म्हणजे त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. याच पोथ्यांत अध्यायाची समाप्ति, ‘उवाच’सारखे शब्द, ओव्यांचे आकडे यांवर गेरूचा तांबडा हात फिरविलेला आढळतो. पिवळा रंग सांगे, हें गेलें. तांबडा सांगे, येथें थांबा. पोथी वाचणारास हे दोन रंग कळले म्हणजे पुरें होत असे.

आज आपण ज्या पडद्यावर लिहितों, त्यावर एक तिसरा रंग आला आहे. मजकुराच्या एका टोकाशीं माऊसचें बटण दाबून तो दुसऱ्या टोकापर्यंत ओढीत नेला, किंवा शिफ्ट दाबून बाणाच्या कळीनें सरकत गेलें, कीं मधल्या अक्षरांमागें निळा, करडा किंवा काळा पट्टा उमटतो. इंग्रजी शब्द घेऊन आपण त्यास सिलेक्शन म्हणतों. हा पट्टा कागदावर कधींच उतरत नाहीं. तो घटकाभर दिसतो आणि जातो; म्हणूनच कीं काय, त्याचे गुणदोष कोणी काढीत नाहीं. ते आज येथें काढावे, असा आमचा विचार आहे.

साहित्याला वाहिलेल्या मासिकानें असल्या विषयावर पानें खर्च करावीं काय, असें कांहीं वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, लेखणीचा टांक कसा असावा, शाई किती दाट असावी, यांचा विचार जर लेखनास परका नाहीं, तर हाही नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं स्थापन झालें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं. २०१० सालीं ठाण्यास व २०१७ सालीं डोंबिवलीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. या पट्ट्यांत लिहिणारांची वाण कधींच नव्हती. मंडळाचा अहवाल, स्मरणिकेंतील लेख, मुलाच्या शाळेस द्यावयाचा अर्ज, मृत्युलेख, लग्नाची पत्रिका, हें सारें आतां पडद्यावरच लिहिलें जातें आणि पडद्यावरच दुरुस्त होतें. दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे काय दुरुस्त करावयाचें तें निवडणें. ही पायरी निसरडी असेल, तर पुढचें सारें शुद्धलेखन व्यर्थ होय.

ती किती निसरडी असूं शकते, याचा एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं डोंबिवलींतील आमचे एक वृद्ध स्नेही वारले. मित्रमंडळीनें त्यांच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका काढावयाचें ठरविलें, आणि मुख्य लेख आमच्याकडे आला. हे स्नेही दिवसा गिरणींत नोकरी करून रात्रशाळेंत शिकले होते. त्या वर्षांत घर चाललें तें त्यांच्या पत्नीच्या शिवणयंत्रावर. लेखाच्या मध्यावर आम्हीं तीन वाक्यें या बाईंविषयीं लिहिलीं होतीं. खरें म्हणजे सबंध लेख त्या तीन वाक्यांसाठींच लिहिला होता, असें म्हटलें तरी चालेल.

मजकूर जुळविणाऱ्या दुकानांत शेवटचा हात फिरवीत असतां, त्या वाक्यांच्या आधींच्या परिच्छेदांतील शेवटचा शब्द आम्हांस खटकला. तो बदला, असें आम्हीं सांगितलें. तो शब्द पडद्याच्या अगदीं खालच्या कडेस होता. मुलानें माऊस ओढला. तो किंचित् खालीं गेला, आणि निवड कडेच्या पलीकडे, न दिसणाऱ्या मजकुरांत पसरली. दिसत होता तेवढा एकच शब्द रंगलेला. मुलानें नवा शब्द टाइप केला. निवडलेलें सर्व त्या शब्दाखालीं नाहींसें झालें, आणि पुढचा मजकूर वर येऊन चिकटला. आम्हीं नवा शब्द वाचला, मान हालविली, आणि पुस्तिका छापावयास गेली.

प्रकाशनाच्या दिवशीं वहिनींनीं ती शांतपणें वाचली. मग म्हणाल्या, “भाऊजी, छान लिहिलंय. यांना आवडलं असतं.” थोड्या वेळानें म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही मशीनबद्दल एवढं विचारलंत, मला वाटलं त्यावर काही लिहिणार असाल. राहिलं असेल, असू दे.”

केलेलें काम परत फिरविण्याची सोय प्रत्येक एडिटरांत असते, हें आम्ही जाणतों. परंतु कांहीं गेलें आहे हें ज्यास ठाऊकच नाहीं, तो काय परत आणणार? चूक आमची होती. सबंध मुद्रित पुन्हां वाचावयास पाहिजे होतें. तथापि त्या दिवसापासून या निळ्या पट्ट्याकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. तो पट्टा म्हणजे शोभा नव्हे; तें एक वचन आहे. जेवढें रंगलें तेवढ्यावरच, आणि रंगलें त्या सर्वांवर, तुमची पुढची कळ चालेल, असें तें वचन. वचन खरें आहे काय, आणि ज्यास तें दिलें त्याला तें नीट दिसतें काय, या दोन कसोट्यांवर त्याची परीक्षा व्हावयास पाहिजे.

प्रथम इतिहास थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांचे सहकारी यांनीं ‘ब्राव्हो’ नांवाचा एडिटर सिद्ध केला. त्यांत एकच कळ कधीं हुकूम म्हणून चाले, तर कधीं अक्षर म्हणून उमटे. यंत्र कोणत्या अवस्थेंत आहे हें लिहिणारानें ध्यानांत ठेवावयाचें. त्याविषयीं एक गोष्ट त्या धंद्यांत अजून सांगतात. कोणा एकानें, आपण अक्षरें उमटविण्याच्या अवस्थेंत आहों अशा समजुतीनें, ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला. यंत्र हुकमाच्या अवस्थेंत होतें. पहिल्या अक्षराचा अर्थ सर्व निवडा, दुसऱ्याचा पुसा, तिसऱ्याचा घाला. आणि चौथें अक्षर ‘टी’ तेवढें घातलें गेलें. सबंध दस्तऐवजाच्या जागीं एक ‘टी’ उरला. गोष्टींत तिखटमीठ असेल. परंतु आमच्या स्मरणपुस्तिकेची आणि त्या दस्तऐवजाची जात एकच, हें वाचकांस सांगावयास नको.

असल्या अनर्थांचा ज्यास विशेष तिटकारा होता, तो लॅरी टेस्लर याच केंद्रांत काम करीत असे. त्यानें व टिम मॉट यानें १९७५ च्या सुमारास गिन नांवाच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेकरितां ‘जिप्सी’ हा एडिटर केला. कापणें व चिकटविणें हे आज घरोघरीं झालेले शब्द प्रकाशकांच्या कचेरींतल्या कात्री-डिंकावरून या कामांत आले. आधीं निवडा, मग काय करावयाचें तें सांगा, हा क्रम त्यानें रूढ केला. आणि तो रूढ होतांच निवडलेलें डोळ्यांस दिसणें हें सर्वांत महत्त्वाचें झालें. टेस्लर २०२० सालीं वारला. १९८४ सालीं निघालेल्या मॅकिंटॉशमध्यें पडदा काळापांढरा होता. तेथें निवडलेल्या भागांत काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें होई. त्या उलटापालटींत सौंदर्य फारसें नसे, पण संशयास जागाही नसे.

याच्या उलट टोकाचें उदाहरण ‘ईमॅक्स’ या जुन्या व नामांकित एडिटराचें आहे. १९७६ पासून चालत आलेल्या या एडिटरांत निवडलेल्या भागाच्या एका टोकास खूण आणि दुसऱ्या टोकास कर्सर, असा प्रकार असे. भाग निवडलेला असे खरा, पण तो न सांगतां रंगवून दाखविण्याची चाल त्यांत २००९ सालच्या तेविसाव्या आवृत्तीपर्यंत नव्हती. ज्यांस रंग हवा त्यांनीं तो मागून घ्यावा. तरबेज माणसें मनांतल्या मनांत तो भाग पाहत आणि त्यांचें अडत नसे. परंतु गवयास तानपुरा लागत नाहीं म्हणून शिकणारासही तो देऊं नये, असें कोणी म्हणणार नाहीं. अखेरीस त्या एडिटरानेंही रंग पत्करला, यांतच या प्रश्नाचा निकाल आहे.

हें सारें रोमन लिपीपुरतें झालें. त्या लिपींत अक्षरें मण्यांसारखीं एकापुढें एक असतात. दोन मण्यांच्या मधून रेघ ओढली कीं निवड झाली. आपली बालबोध लिपि तशी नाहीं. आपल्या अक्षराला डोकें आहे, पाय आहेत, आणि पुष्कळदां पाहुणेही आहेत. ज्या क्रमानें आपण अक्षर उच्चारतों त्या क्रमानें तें डावीकडून उजवीकडे मांडलेलें नसतें. र्‍हस्व वेलांटी व्यंजनानंतर उच्चारावयाची, पण काढावयाची त्याच्या आधीं. रफार व्यंजनाच्या आधीं उच्चारावयाचा, पण बसवावयाचा त्याच्या डोक्यावर, आणि पुढें काना असला तर कान्याच्याही डोक्यावर. मग रंग कोठून कोठवर फासावा?

आम्हीं एक साधी परीक्षा केली. ती वाचकांनीं घरीं करून पाहावी. ठाण्याहून कल्याणास जाणाऱ्या धीम्या गाडीचीं स्थानकें ओळीनें टाइप करावीं: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. मग कर्सर आरंभीं ठेवून, शिफ्ट दाबून, उजवीकडील बाणाची कळ एकेकदां दाबीत जावी आणि रंग कसा पसरतो तें पाहावें. स्वल्पविराम व मोकळ्या जागा सोडून या आठ नांवांतील अक्षरें शाळेंतल्या मुलास मोजावयास सांगितलीं, तर तें २२ सांगेल. यंत्राच्या हिशेबीं तेथें ४५ संकेत आहेत. कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताची खूण, यांतील प्रत्येकास यंत्रांत निराळा संकेत आहे. २२ आणि ४५ यांच्यामध्यें जें अंतर आहे, त्यांत हा सारा घोटाळा राहतो.

‘ठाणे’, ‘कळवा’ आणि ‘कोपर’ हीं बहुधा सुखरूप पार पडतात. ‘दिवा’ आणि ‘डोंबिवली’ येथें वेलांटी आहे. चांगला एडिटर ‘दि’ आणि ‘बि’ हें अक्षर वेलांटीसकट एका दमांत रंगवितो, वाईट एडिटर व्यंजन आणि वेलांटी यांत पाचर मारूं पाहतो. ‘कल्याण’मध्यें बऱ्याच प्रोग्रॅमांत ‘ल्या’ हें जोडाक्षर दोन कळांत रंगतें: आधीं अर्धा ल, मग या. दिसावयास हें अगदींच वाईट नाहीं, कारण अर्धा ल खरोखरीच डावीकडे उभा आहे. ‘मुंब्रा’मध्यें पंचाईत वाढते, ‘ब्रा’तला र हा ब च्या पायाशीं तिरक्या रेघेच्या रूपानें असतो, आणि उभ्या पट्ट्यानें त्यास ब पासून निराळा काढतां येणें शक्य नाहीं.

परंतु खरी परीक्षा ठाकुर्लीस होते. ‘र्ली’ या अक्षरांत र् पहिला आहे, पण त्याचा रफार उजव्या टोकास, दीर्घ वेलांटीच्या माथ्यावर बसला आहे. जो प्रोग्रॅम र् आणि ली यांस दोन निरनिराळे घटक समजतो आणि अक्षराच्या रुंदीचे अंदाजानें दोन सारखे भाग करितो, तो पहिल्या कळेस डावा भाग रंगवितो. त्या डाव्या भागांत दिसतो ल. निवडलेला असतो र्. आतां पुसण्याची कळ दाबली तर रंगलेला ल जागच्या जागीं राहतो, न रंगलेला रफार उडतो, आणि ठाकुर्लीची ‘ठाकुली’ होते. कर्जत, धर्म, अर्थ, कर्ज, वर्ष, सर्व शब्दांची हीच गत. ‘स्थिति’ या शब्दांत तर वेलांटी थ ची असून ती स् च्याही डावीकडे जाऊन उभी राहते. तेथें स् सोडून नुसता ‘थि’ रंगवावयाचा म्हटला, तर पट्ट्याचे दोन तुकडे करावे लागतील. येथें वचन नुसतें अपुरें नाहीं, तें खोटें आहे. दाखवावयाचें एक, आणि घ्यावयाचें दुसरें.

हा दोष संकेतांच्या मांडणीचा आहे काय? आमच्या मतें नाहीं. भारतीय लिपींसाठीं केलेला ‘इस्की’ हा संकेत १९९१ सालीं राष्ट्रीय प्रमाण ठरला. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि तिनें देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या रूपावरून घेतली. दोहोंतही अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठविलेलीं असतात. शोधणें, अकारविल्हे लावणें, एका टंकांतून दुसऱ्या टंकांत नेणें, या सर्वांस हाच क्रम सोयीचा आहे. त्याआधींच्या छपाईच्या टंकांत, किंबहुना त्यानंतरही पुष्कळ वर्षें वापरांत राहिलेल्या टंकांत, काना, वेलांटी, अर्धीं अक्षरें हे तुकडे जसे दिसत तसेच एकापुढें एक ठेवलेले असत. त्यांत निवडीचा रंग डोळ्यांस अचूक दिसे. परंतु तोच मजकूर दुसऱ्या टंकांत नेला कीं त्याची खिचडी होई. डोळ्याला खरें आणि अर्थाला परकें, असा तो प्रकार होता. तिकडे परत जावें, असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं.

दोष आहे तो एका समजुतीचा: कर्सर जेथें थांबतो तें एकक कोणतें, या प्रश्नास बराच काळ रोमन लिपींत वाढलेल्या मनानें उत्तर दिलें. युनिकोडच्या नियमांत, वाचणारास एक वाटणारे संकेत एकत्र धरावे, अशी तरतूद पूर्वींपासून आहे. वेलांट्या व काने त्यांत सांभाळले जात. परंतु हलन्तापाशीं जोडाक्षर तुटत असे. सप्टेंबर २०२३ मध्यें निघालेल्या १५.१ या आवृत्तींत एक नियम नव्यानें जोडला गेला, आणि देवनागरीसह कांहीं भारतीय लिपींत हलन्तानें जोडलेलीं व्यंजनें सामान्यतः तोडूं नयेत, असें ठरलें. म्हणजे आपल्या पंतोजींनीं पाटीवर जें अक्षर म्हणून शिकविलें, तें यंत्राच्या शास्त्रांत अक्षर ठरावयास पहिल्या आवृत्तीपासून बत्तीस वर्षें लागलीं. नियम झाला म्हणजे सर्व प्रोग्रॅम त्याच दिवशीं तो पाळूं लागतात, असेंही नाहीं. म्हणून एकच ‘ठाकुर्ली’ दोन प्रोग्रॅमांत दोन तऱ्हांनीं रंगते.

याविरुद्ध एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो वजनदार आहे. लिहिणारास पुष्कळदां अक्षराच्या पोटांतलाच एक अवयव बदलावयाचा असतो. ‘आचार्यांना’ आमंत्रण द्यावयाचें आणि ‘आचाऱ्यांना’ गेलें, किंवा उलट, तर मांडवांत काय प्रसंग ओढवेल याची कल्पना वाचकांनींच करावी. येथें चूक नुसत्या र ची आहे. मग सबंध अक्षर कां निवडावें लागावें? उत्तर असें कीं, पुष्कळ प्रोग्रॅमांत मागें पुसण्याची कळ अजूनही एकेक संकेतच पुसते. अक्षराच्या शेवटीं कर्सर ठेवून मागें मागें जातां येतें. यांत चारदोन कळा अधिक दाबाव्या लागतील. त्या दाबूं. पण रंग दाखविण्याचें पत्करलें, तर तो अक्षराचाच दाखविला पाहिजे. आणि एखाद्या प्रोग्रॅमास अक्षराच्या पोटांत शिरण्याची सोय द्यावयाचीच असेल, तर त्यानें त्या अक्षराचे अवयव बाजूस सुटे मांडून दाखवावे आणि त्यांतला निवडलेला रंगवावा. झांकलेल्या पेटींत हात घालावयास सांगूं नये.

शब्दाच्या बाबतींतही हीच लिपीची नसली तरी व्याकरणाची अडचण आहे. कांहीं प्रोग्रॅमांत अशी सोय असते कीं, दुसऱ्या शब्दांत माऊस शिरला कीं सबंध शब्द आपोआप रंगावा. इंग्रजींत ही मदत ठीक आहे, कारण तेथें ‘पासून’ आणि ‘कडे’ यांचे अर्थ दाखविणारे शब्द सुटे लिहितात. मराठींत विभक्ति आणि शब्दयोगी अव्ययें शब्दाला चिकटून येतात. ‘ठाण्याहून’ या शब्दांतील ‘ठाण्या’ काढून ‘कल्याणा’ घालावयाचें आणि ‘हून’ ठेवावयाचें, एवढी साधी गोष्ट करूं गेलें, तर ही आगाऊ मदत ‘हून’लाही ओढून नेते. न मागतां केलेली मदत कशी मोडावी, हें शोधण्यांत लिहिणाराचा विचार तुटतो.

आतां दुसरी कसोटी: रंग दिसतो काय? येथें अलीकडची अभिरुचि आम्हांस मान्य नाहीं. पूर्वींचा गडद निळा पट्टा आणि त्यावरील पांढरें अक्षर हें रांगडें असेल, पण दहा हातांवरून दिसे. आतां फिकट निळा, फिकट करडा, असे रंग आवडूं लागले आहेत. आणि दुसऱ्या खिडकींत गेलें कीं तोही रंग आणखी फिका होतो. वेबवरील मजकूर सर्वांस वाचतां यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले आहेत, त्यांत साध्या आकाराचें अक्षर आणि त्यामागील रंग यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ : १ असावें, असें सांगितलें आहे. यानें निवडलेलें अक्षर वाचतां येईल. परंतु निवडलेलें आणि न निवडलेलें यांतला भेद कळण्यास पट्टा आणि पान यांतही पुरेसें अंतर पाहिजे. साठी उलटलेल्या डोळ्यांस, मोतीबिंदूच्या वाटेवर असलेल्या डोळ्यांस, किंवा ज्यांस कांहीं रंग एकसारखेच दिसतात अशांस, नुसत्या रंगच्छटेवर विसंबणें धोक्याचें आहे. पट्ट्यास एक बारीक कड असली तरी पुष्कळ काम होईल.

देवनागरीस आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे उंची. आपले अर्थभेद ओळीच्या मध्यावर कमी आणि वरखालीं अधिक असतात. ‘चिता’ आणि ‘चिंता’ यांत एका ठिपक्याचा फरक आहे. ओळी दाट बसविल्या असतां निवडीचा पट्टा आंखूड असेल, तर अनुस्वार, रफार आणि उकार पट्ट्याबाहेर लोंबतात, आणि ते निवडींत आहेत कीं नाहींत याचा संशय येतो. पट्टा उंच असून वरच्या ओळीवर चढला, तर वरच्या ओळीचे उकार त्याखालीं झांकले जातात. रोमन अक्षरांच्या मापानें बेतलेला अंगरखा आपल्या अक्षरांस असा तोकडा किंवा ढगळ होतो. तो आपल्या मापानेंच बेतला पाहिजे.

मोबाइलवर तर लिहिणाराचें बोटच निवडीच्या आड येतें. २००७ सालीं निघालेल्या आयफोनमध्यें मजकूर कापण्या-चिकटविण्याची सोयच नव्हती. ती २००९ सालीं आली, आणि बोटाखालचा मजकूर मोठा करून दाखविणारें भिंगही तेथें असे. २०१९ सालीं तें भिंग काढून टाकलें गेलें, आणि २०२१ सालीं पुन्हां आणावें लागलें. ज्याच्यावांचून चालेल असें वाटलें, त्याच्यावांचून चाललें नाहीं, एवढाच याचा अर्थ. सकाळच्या गर्दींत डोंबिवलीस गाडींत चढून, एका हातानें कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें एखादा निरोप सुधारणाऱ्या माणसास तें भिंग कांहीं चैनीची वस्तु वाटत नाहीं.

उरतो तो पडद्याच्या कडेबाहेर गेलेल्या निवडीचा प्रश्न, ज्यानें आमची तीन वाक्यें खाल्लीं. कांहीं प्रोग्रॅम खालच्या पट्टींत निवडलेल्या शब्दांची संख्या दाखवितात. ही सोय चांगली आहे, पण ती एका कोपऱ्यांत, बारीक अक्षरांत असते. ज्याचें लक्ष वाक्यावर आहे त्याला ती दिसत नाहीं. निवड दृष्टीआड गेली असेल तर त्या कडेवरच तशी खूण हवी: येथून पुढें आणखी इतकें आहे. न दिसणारा मजकूर एका कळेनें पुसला जाणार असेल, तर पुसल्यावर तरी, किती गेलें हें क्षणभर सांगावें. दुकानदार मोड परत देतांना ती मोजून हातावर ठेवतो. तेवढीच ही रीत आहे.

एवंच, या रंगाची कल्पना उत्तम, आणि तिच्यावांचून आजचें लेखन चालणार नाहीं. परंतु मराठीच्या बाबतींत तिची अंमलबजावणी अजून अर्धीच झाली आहे, असा आमचा अभिप्राय आहे. ती पुरी करण्याचें काम केवळ परदेशांतील कारागिरांचें नव्हे. आपल्यापैकीं कितीजण आपल्या एडिटरांत ठाकुर्ली कशी रंगते हें पाहतात, आणि चुकीची रंगली तर तसें करणारांस कळवितात? बिघाड निमूटपणें सोसण्याची आपणांस जी संवय आहे, ती येथेंही आड येते. आपली लिपि आपण कशी वाचतों, हें आपल्यावांचून दुसरा कोण सांगणार?

पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती आम्हीं परत मागविल्या. तीन वाक्यें एका पट्टीवर छापून घेतलीं, आणि दोन संध्याकाळ बसून, प्रत्येक प्रतींत योग्य जागीं, डिंकानें चिकटविलीं. पहिली प्रत वहिनींस नेऊन दिली. त्यांनीं ती पट्टी बोटानें चांचपून पाहिली, आणि चष्मा लावून पहिल्यापासून पुन्हां वाचावयास घेतलें.